उसना पक्ष

कोणत्याही खेळाचा इतिहास लिहावयास घेतला की साधनांची वाण पडत नाही. कोणत्या साली कोणता संघ जिंकला, गोल कोणी केला, चषक कोणाच्या हस्ते दिला गेला, याच्या नोंदी संस्थांच्या दफ्तरांत आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायलींत शिस्तीने लावून ठेवलेल्या असतात. मैदानाच्या कडेला बसून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. त्याची नोंद दरवाजात फाडल्या गेलेल्या तिकिटांच्या बेरजेत जमा होते आणि तिथेच संपते. तो कोणाच्या बाजूने ओरडला, का ओरडला, आणि आपले कोणीच मैदानात नसताना एखाद्या परक्या संघाचा कैवार घेऊन शेजाऱ्याशी भांडावे असे त्याला का वाटले, हे विचारण्याची तसदी बखरकार घेत नाहीत. घणसोलीसारख्या, फुटबॉलशी पिढीजात संबंध नसलेल्या गावात राहून या खेळाचा विचार करू लागले म्हणजे हाच प्रश्न पहिल्याने पुढे उभा राहतो; कारण इथे खेळाडूंचा इतिहास चार ओळींत आटोपतो आणि प्रेक्षकांचा मात्र, थोडे खणले तर, खाडीच्या दोन्ही काठांवर आणि त्याहूनही पुष्कळ दूरवर पसरलेला सापडतो.

मौजे घणसोली, तालुका आणि जिल्हा ठाणे. पूर्वेला पारसिकाच्या डोंगराची रांग, पश्चिमेला ठाण्याची खाडी, आणि या दोहोंमध्ये भरतीचे पाणी बांध घालून अडवलेली भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे, असा हा सारा पट्टा शतकानुशतके आगरी आणि कोळी लोकांनी कसला आणि जाळ्यांनी गाळला. या पट्ट्यातील करमणुकीला उपकरणे फार लागत नसत. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात रेघा मारल्या की हुतुतूचे मैदान तयार होई. बैलगाड्यांच्या शर्यतींना लांबट माळ पुरे. आणि यात्रेच्या दिवशी कुस्त्या लागल्या तर फडाभोवती बसायला जमिनीखेरीज काही लागत नसे. या सर्व खेळांत प्रेक्षकाचे आसन ठरलेले असे, कारण त्याचा पक्ष जन्मानेच ठरलेला असे. आपल्या आळीचा गडी, आपल्या भावकीची जोडी, आपल्या गावचा संघ. चढाईवर गेलेला गडी मधल्या रेषेवर हात टेकवून आला की नाही यावर पंचाशी हुज्जत घालण्याचा हक्क हा जणू वतनासारखा वंशपरंपरेने चालत आलेला होता. निःपक्षपातीपणाने खेळ पाहणारा मनुष्य या समाजाला ठाऊक नव्हता, आणि मला विचाराल तर तो कोणत्याच समाजाला ठाऊक नसावा. खेळाच्या सौंदर्याचा निर्विकार आस्वाद घेणारा रसिक ही क्रीडासमीक्षकांच्या कल्पनेने निर्माण केलेली व्यक्ती आहे.

खाडीच्या पलीकडे, मुंबईत, फुटबॉल एकोणिसाव्या शतकातच येऊन दाखल झाला होता, तो गोऱ्या पलटणींच्या सामानासुमानाबरोबर. 1891 साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि पुढे कूपरेजचे मैदान हे तिचे घर झाले. पहिली कित्येक दशके हा चषक पलटणींनी आपापसांतच वाटून घेतला. देशी माणसाला त्यात जागा होती ती दोराच्या अलीकडे, प्रेक्षक म्हणून. एका पलटणीचे सोल्जर दुसऱ्या पलटणीच्या सोल्जरांना लोळवीत असता दोराशी उभ्या असलेल्या गिरणी कामगाराने किंवा गोदीतल्या हमालाने कोणाची बाजू घ्यावी? दोन्हीही राज्यकर्तेच, दोघांचाही पराभव व्हावा असे वाटले तरी खेळाच्या नियमांत ती सोय नाही. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्याने केले असले पाहिजे, म्हणजे कोणीतरी एक बाजू उसनी घेतली असली पाहिजे, आणि पुढच्या शतकभराच्या इतिहासाकडे पाहता मला वाटते की आपल्याकडच्या फुटबॉलच्या प्रेक्षकाचे शिक्षण इथेच सुरू झाले.

उसनवारी फिटण्याचे प्रसंग पुढे आले. 29 जुलै 1911 रोजी कलकत्त्यास मोहन बागानने अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर पलटणीला 2-1 असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, आणि 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स चषक जिंकून पलटणींची मुंबईतली मिरासदारी मोडली. 1950 ते 1954 अशी लागोपाठ पाच वर्षे तो चषक हैदराबाद सिटी पोलिसांनी नेला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव इथे सांगण्याचे कारण असे की, पक्ष घेऊन बसलेला प्रेक्षक काय करू शकतो याचा सर्वांत कठोर अनुभव ज्या भारतीय संघाला आला, तो संघ याच रहीमसाहेबांनी घडविलेला होता.

1962 सालच्या जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांची ही हकिकत आहे. यजमान इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेशपत्रे नाकारली. आशियाई क्रीडा महासंघाचे भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली आणि अशा स्पर्धांना आशियाई स्पर्धा म्हणता येईल काय, असा प्रश्न उपस्थित केला. प्रश्न सनदशीर होता, पण त्याचा राग जाकार्ताच्या रस्त्यांवर उतरला. भारतीय वकिलातीवर जमाव चालून गेला, आणि 4 सप्टेंबर रोजी फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी चुनी गोस्वामींच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ मैदानात उतरला तेव्हा लाखाच्या घरातील प्रेक्षकांनी त्याची अशी काही हुर्यो उडवली की आपसांत बोललेले शब्दही खेळाडूंना ऐकू येईनात. प्रतिपक्ष होता दक्षिण कोरिया. म्हणजे त्या अवाढव्य प्रेक्षागारातील इंडोनेशियन माणसाचे मैदानात स्वतःचे असे कोणीच नव्हते. कोरियाशी त्याचे सख्य नव्हते आणि भारताच्या अकरा पोरांनी त्याचे काही बिघडवले नव्हते. तरीही त्याने पक्ष घेतला, आणि तो प्रेमाने घेण्याऐवजी द्वेषाने घेतला. प्रदीपकुमार बॅनर्जी आणि डोक्याच्या जखमेवर पट्टी बांधून आघाडीला खेळलेले जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारताने सामना 2-1 असा जिंकला. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगाने निवर्तले आणि फुटबॉलमधले आशियाई सुवर्णपदक भारताला त्यानंतर आजतागायत मिळालेले नाही. विजयाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. मला मात्र त्या सामन्यातील लाखभर कंठांचे अधिक कुतूहल वाटते, कारण परक्याचा पक्ष घेण्याची वृत्ती किती रंग धारण करू शकते ते त्यांनी दाखविले.

महाराष्ट्रात या वृत्तीची खरी पेठ म्हणजे कोल्हापूर. तिथे फुटबॉल संस्थानी आश्रयाने आला, तालमींत शिरला आणि तालमींचाच होऊन गेला. ज्या तालमींनी मल्ल घडवले त्यांनीच संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे कुस्तीच्या हौद्यातून थेट फुटबॉलच्या मैदानात चालत आली, 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली, आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठापेठांतील ईर्षेला हंगामी मुक्कामाची हक्काची जागा मिळाली. इथला प्रेक्षक जन्माने पक्षपाती. मंगळवार पेठेत जन्मलेल्या मुलाला शिवाजी पेठेच्या संघाचा खेळ आवडणे हे धर्मांतराइतके गंभीर प्रकरण. गंमत अशी की विश्वचषकाचे दिवस आले म्हणजे हाच कोल्हापूरकर आपल्या चौकात ब्राझीलचे किंवा अर्जेंटिनाचे निशाण लावतो, खेळाडूंचे फलक उभारतो, आणि ज्या देशाच्या राजधानीचे नाव त्याला चटकन सांगता येणार नाही त्या देशाच्या पराभवाने दोन दिवस दुकानात उदास बसतो. शहरी टीकाकार याला नकलेचे नाव देतात. मला तसे वाटत नाही. ज्याला वर्षाचे सहा महिने पेठेसाठी ओरडण्याची सवय आहे त्याला चार वर्षांनी एकदा महिनाभर स्वस्थ बसून खेळ पाहा म्हणणे हाच अन्याय आहे. त्याचा गळा मोकळा आहे आणि विश्वचषकात त्याचा देश नाही, तेव्हा तो बाजू उसनी घेतो आणि व्याजासकट फेडतो.

भारत विश्वचषकात नाही, हे वाक्य लिहिताना 1950 सालाची आठवण टाळता येत नाही. त्या वर्षी ब्राझीलमधील विश्वचषकासाठी भारताला जागा मिळालेली असतानाही संघ गेला नाही. अनवाणी खेळण्यास परवानगी नाकारली म्हणून गेला नाही, ही दंतकथा लोकांना प्रिय आहे; खऱ्या कारणांत प्रवासाचे अंतर, तयारीची उणीव आणि ऑलिंपिकपुढे विश्वचषकाला कमी लेखणारी संघटकांची दृष्टी यांचा भाग मोठा होता. सहा वर्षांनी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसूझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला. त्यानंतरचा उतार सर्वश्रुत आहे. तीन-चार पिढ्यांच्या प्रेक्षकांना विश्वचषक मिळाला तो असा, स्वतःच्या संघाविना.

आता पुन्हा घणसोलीकडे येऊ. 1970 च्या मार्च महिन्यात सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. सातबाऱ्यावरची नावे बदलली. ज्या खाचरांत हुतुतूचे डाव रंगत त्यांवर क्षेत्रांचे आणि भूखंडांचे क्रमांक पडले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी जो लढा दिला, आणि 1984 च्या जानेवारीत उरण भागात गोळीबारात पाच जणांचे जे बळी गेले, त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. तो इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. आपल्या विषयापुरते इतके पुरे की, शहराच्या आराखड्यात क्रीडांगणे काळजीपूर्वक आखली गेली, परंतु गावठाणाच्या वाट्याला आलेले मोकळे मैदान दर पिढीत आक्रसत गेले. आणि खेळणाऱ्यांची जागा कमी होते तिथे पाहणाऱ्यांची संख्या वाढते, हे कोणत्याही शहरात पडताळून पाहता येईल.

त्याच काळात गावाभोवती नवे शेजारी वसले. मुंबईतले घाऊक बाजार खाडीच्या अलीकडे आले, त्यांच्यामागोमाग सातारा-सांगलीकडचे माथाडी कामगार कोपरखैरणे-घणसोलीच्या वसाहतींत राहावयास आले; ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांनी आणि पुढे संगणकाच्या कचेऱ्यांनी केरळ, बंगाल, गोवा आणि ईशान्येकडील माणसे आणली. घाटावरून आलेल्याने कुस्तीच्या फडातली दाद आणली, मल्याळी माणसाने विश्वचषकाचे वेड आणले. 2022 साली कोळिकोडजवळच्या पुल्लवूरच्या नदीपात्रात मेस्सी आणि नेमार यांच्या ज्या प्रचंड आकृती उभ्या राहिल्या त्या साऱ्या जगाने पाहिल्या. त्या वेडाची छोटी रोपे नव्या मुंबईच्या सोसायट्यांच्या गच्च्यांवर निळ्या-पांढऱ्या आणि पिवळ्या निशाणांच्या रूपाने आधीपासूनच रुजलेली होती.

या सगळ्यांना एका पंक्तीला बसवले ते दूरदर्शनने. 1982 च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, आणि 1986 चा मेक्सिकोतील विश्वचषक घरोघर पोचला. मेक्सिकोत भर दुपारी बारा वाजता सामना सुरू झाला की आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असत. 22 जून 1986 च्या रात्री इंग्लंडविरुद्ध मॅराडोनाने आधी हाताने आणि मग चार मिनिटांनी साऱ्या इंग्लिश बचावाला चकवून पायाने गोल केला, आणि या देशातल्या कित्येक मध्यमवयीन माणसांचा पक्ष त्या दोन गोलांनी जन्मभरासाठी ठरून गेला. पहिला गोल सरळसरळ अप्रामाणिक होता हे कबूल करूनही तो साहेबाविरुद्ध होता एवढ्यासाठी माफ करणारी माणसे मी स्वतः ऐकली आहेत. कूपरेजच्या दोराशी उभ्या असलेल्या त्या जुन्या प्रेक्षकाचे रक्त त्यांच्यात उतरले होते, असे म्हणावयास हरकत नाही. चार वर्षांनी, 8 जून 1990 रोजी, मिलानमध्ये कॅमेरूनने त्याच मॅराडोनाच्या अर्जेंटिनाला नऊ खेळाडूंनिशी 1-0 असे हरवले, आणि आपल्या प्रेक्षकाला दुसरा एक पक्ष सापडला. अडतिसाव्या वर्षी कोपऱ्यातल्या निशाणाशी जाऊन नाचणारा रॉजर मिला हा त्या महिन्यापुरता सगळ्यांचा नातलग झाला. दुर्बळाने बलवंतास पालथे घालावे आणि तेही हसतखेळत, ही इच्छा ज्यांनी जमिनीच्या मोजणीदाराशी आणि मामलेदाराशी आयुष्य झगडण्यात घालवले त्यांच्या मनात अधिकच असणार.

हा सारा काळ प्रेक्षक घरी होता आणि सामना परदेशी होता. सामना उठून नेरूळला आला तो 2017 च्या ऑक्टोबरात.

नेरूळचे डॉ. डी. वाय. पाटील क्रीडासंकुल 2008 च्या मार्चमध्ये उघडले ते क्रिकेटसाठी. प्रेक्षकाच्या नजरेआड येणारा एकही खांब नसलेले त्याचे छत हा हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांच्या रचनेचा विशेष. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या दोन हंगामांत मुंबई सिटी संघाने ते आपले घर केले होते, त्यामुळे फुटबॉल तिथे अगदीच उपरा नव्हता. सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकासाठी दिल्ली, कोलकाता, कोची, मडगाव, गुवाहाटी आणि नवी मुंबई ही सहा केंद्रे ठरली. त्याआधी 15 सप्टेंबर रोजी राज्य सरकारने ‘मिशन वन मिलियन’ या नावाने महाराष्ट्रभरच्या शाळांतील दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळावयास लावण्याचा उपक्रम केला. सरकारी परिपत्रकाने खेळाची आवड उत्पन्न होते की नाही याविषयी मला शंका आहे. पण चेंडू वाटले गेले, आणि चेंडू हाती आल्यावर परिपत्रक कोण वाचतो?

भारताचे तिन्ही साखळी सामने दिल्लीला होते. अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2 आणि घानाकडून 0-4 असे तिन्ही सामने भारत हरला. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने डोक्याने मारलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, त्यामुळे निदान एका मराठी शहराला तरी त्या वेळी उसनवारी करावी लागली नाही. नवी मुंबईच्या वाट्याला आले ते न्यूझीलंड, तुर्कस्तान, पॅराग्वे आणि माली. म्हणजे ज्यांचे खेळाडू, भाषा, राष्ट्रगीत, यांपैकी काहीच इथल्या माणसाच्या परिचयाचे नव्हते असे चार संघ. आणि प्रश्न पुन्हा तोच, कूपरेजवरचा, की ओरडावयाचे कोणासाठी?

6 ऑक्टोबरच्या संध्याकाळी पाच वाजता न्यूझीलंड आणि तुर्कस्तान यांचा सामना सुरू झाला तेव्हा प्रेक्षक, माझ्या आजूबाजूचे तरी, बुचकळ्यात होते. ठाणे-नेरूळ गाडीने घणसोलीहून तीन स्थानके ओलांडून आलेली पोरे, शाळेच्या गणवेशातले जथे, बापाच्या खांद्यावर बसलेली लहानगी, आणि चेंडू मध्यरेषा ओलांडून कोणत्याही बाजूला गेला तरी टाळ्या वाजवणारे औदार्य. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. त्या औदार्याला शोभेलसाच निकाल. रात्री आठला पॅराग्वे विरुद्ध माली सुरू झाला, आणि सतरा मिनिटांत पॅराग्वेने दोन गोल चढवले. एका बाजूला पराभवाची छाया पडल्याबरोबर प्रेक्षागाराला आपले काम समजले. मालीने विसाव्या मिनिटाला एक आणि चौतिसाव्याला दुसरा गोल करून बरोबरी साधली, तोवर आमच्या बाजूच्या पायऱ्यांवर पक्ष ठरून गेला होता. पुढे पॅराग्वेने पेनल्टीवर सामना 3-2 असा जिंकला, पण त्याने पक्ष बदलला नाही. उलट तो पक्का झाला. 9 तारखेस मालीने तुर्कस्तानला 3-0 असे हरवले ते मग आमच्याच माणसांनी हरवल्यासारखे झाले.

मध्यंतरी घानाने नायजरला 2-0 असे हरवून पुढची फेरी गाठली तोही सामना इथेच झाला, परंतु खरी कसोटी लागली ती 25 ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात. माली पुन्हा नेरूळला आला, समोर स्पेन. आबेल रुईझने पूर्वार्धात दोन गोल केले. उत्तरार्धात शेख दुकूरेने लांबून मारलेला चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या अंगाला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. चेंडू रेषेपलीकडे पडला होता असे चित्रफितीत पुढे दिसून आले, पंचांनी मात्र गोल दिला नाही. यानंतर जे घडले त्याचे वर्णन करण्यासाठी मला जाकार्ता आठवते, हेतू मात्र उलटा. मागच्या रांगेतले एक वृद्ध आगरी गृहस्थ, जे तोपर्यंत नातवाला शेंगा सोलून देण्यात गुंतलेले होते, ते उभे राहून शेजारच्या तरुणाला म्हणाले, “दादूस, आत परला व्हता ना तो!” आणि पंचाच्या दिशेने हात करून त्यांनी जो वाद सुरू केला तो हुतुतूच्या रेषेवर त्यांच्या आजोबांनी घातलेल्या वादाहून तसूभर वेगळा नव्हता. मालीचा देश नकाशावर कोठे आहे हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. रेषा कोठे आहे हे ठाऊक होते. स्पेनने सामना 3-1 असा जिंकला.

28 ऑक्टोबरला कोलकात्यात इंग्लंडने दोन गोलांनी मागे पडून स्पेनला 5-2 असे हरवले. त्या स्पर्धेच्या 52 सामन्यांना मिळून 13,47,133 प्रेक्षक आले. 1985 साली चीनमध्ये झालेल्या पहिल्या स्पर्धेचा 12,30,976 चा उच्चांक या संख्येने मागे टाकला. संघटकांनी ही संख्या भारतीय फुटबॉलच्या जागृतीचा दाखला म्हणून मिरवली. ती तशी नव्हती, हे कळावयास एक वर्षही लागले नाही.

1 जून 2018 रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल एरिनात चार देशांच्या आंतरखंडीय चषकाचा पहिला सामना झाला. भारताने चिनी तैपेईला 5-0 असे हरवले, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले, आणि ते पाहावयास आले अवघे 2,569 लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एक चित्रफीत प्रसृत करून लोकांना विनंती केली: आम्हाला शिव्या द्या, टीका करा, युरोपातल्या संघांचे चाहते असाल तर तसेच राहा, पण मैदानात येऊन आम्हाला पाहा. असा हा आशय. एखाद्या राष्ट्रीय कर्णधाराने आपल्याच देशातल्या प्रेक्षकाला हात जोडल्याचा प्रसंग खेळांच्या इतिहासात फारसा आढळणार नाही. 4 जूनला केनियाविरुद्ध, भर पावसात, मैदान भरले. तो छेत्रीचा शंभरावा सामना होता आणि भारताने तो 3-0 असा जिंकला. 10 तारखेच्या अंतिम सामन्यात केनियाला पुन्हा 2-0 हरवून चषकही मिळवला. अंधेरीचे ते दिवस अनेकांना भारावून गेल्यासारखे आठवतात. मला त्यात एक अवघड गोष्टही दिसते. मालीसाठी जे लोक कोणी न सांगता ओरडले त्यांना भारतासाठी ओरडावयास विनंती करावी लागली. उसन्या पक्षात पराभवाची झळ महिन्याभराने निवते. आपल्या पक्षाचा पराभव मात्र घरी घेऊन यावा लागतो आणि तो वर्षानुवर्षे घरातच राहतो. माणूस त्याला टाळतो तो बेइमानीने टाळतो असे म्हणवत नाही.

घणसोलीच्या हद्दीत याच सुमारास आणखी एक गोष्ट घडत होती. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमध्ये 2015 पासून रिलायन्स फाउंडेशनची निवासी फुटबॉल प्रबोधिनी चालते. देशाच्या निरनिराळ्या भागांतून निवडलेली मुले तिथे राहून शिकतात आणि खेळतात. रस्त्याच्या एका बाजूला हिरवळीची मैदाने, दुसऱ्या बाजूला गावठाणातल्या गल्ल्यांत प्लास्टिकच्या चेंडूने चाललेले क्रिकेट, आणि मध्ये अहोरात्र वाहणारी अवजड वाहतूक. भविष्यात त्या मैदानांतून देशाचा संघ उभा राहिलाच तर गावाला त्यावर हक्क सांगता येईल, हद्दीच्या न्यायाने का होईना. सध्या तरी गाव आणि प्रबोधिनी यांचा संबंध शेजाऱ्याच्या घरातला पाट्या-वरवंट्याचा आवाज ऐकण्याइतकाच आहे.

2022 हे साल या इतिहासात विचित्र आहे, कारण त्या एका वर्षात नेरूळने प्रेक्षकांविना स्पर्धा पाहिली आणि प्रेक्षकांसह स्पर्धा पाहिली, आणि दोन्ही स्त्रियांच्या होत्या. जानेवारीत आशियाई महिला चषक नेरूळ, अंधेरी आणि पुण्याच्या बालेवाडीत भरला, तो करोनाच्या निर्बंधांमुळे बंद दारांआड. 20 जानेवारीला भारताने इराणशी गोलशून्य बरोबरी केली. तीन दिवसांनी चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी, संघात साथ पसरल्यामुळे, नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत आणि यजमान देश स्पर्धेतून बाद झाला. 6 फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात चीनने मध्यंतराला दोन गोलांनी मागे असून दक्षिण कोरियाला 3-2 असे हरवले. असा सामना मालीच्या पायऱ्यांवर बसलेल्या माणसांना मिळता तर त्यांनी छत उचलून धरले असते. तो झाला तेव्हा टाळी द्यावयास हाकेच्या अंतरावरच्या वस्त्यांतले कोणी नव्हते. मैदानापासून काही कोसांवर राहून आम्ही तो पडद्यावर पाहिला, 1986 सारखाच.

ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आला तोही एका सरकारी-कागदी संकटातून निसटून. ऑगस्टच्या मध्यास फिफाने त्रयस्थ हस्तक्षेपाचे कारण देऊन भारतीय महासंघाला निलंबित केले, आणि दहा-बारा दिवसांत निलंबन उठवले म्हणून स्पर्धा राहिली. भारताच्या मुली भुवनेश्वरला खेळल्या. अमेरिकेने त्यांना 8-0, मोरोक्कोने 3-0 आणि ब्राझीलने 5-0 असे हरवले. नेरूळला अंतिम सामना ठरला, 30 ऑक्टोबरला, स्पेन आणि कोलंबिया यांच्यात. त्याच दिवशी आधी नायजेरियाने जर्मनीशी 3-3 अशी बरोबरी करून पेनल्टींवर तिसरा क्रमांक मिळवला होता, त्यामुळे पायऱ्यांवर बसलेल्यांचे गळे आधीच तापलेले होते. स्पेनशी 2017 चा हिशेब बाकी होता, आणि कोलंबियाकडे लिंडा कैसेदो नावाची अशी मुलगी होती की तिच्या पायात चेंडू गेल्यावर पक्ष निवडण्यासाठी आणखी कारण शोधावे लागू नये. ऐंशी मिनिटे कोणालाच गोल करता आला नाही. ब्याऐंशीव्या मिनिटाला कोलंबियाच्याच बचावातल्या आना गुझमानच्या पायाला लागून चेंडू तिच्या स्वतःच्या जाळ्यात गेला, आणि स्पेनने विश्वचषक 1-0 असा जिंकला. पायऱ्यांवरच्या पोरांनी त्या मुलीची हुर्यो उडवली नाही. शिट्ट्या पडल्या त्या घड्याळावर, आणि उरलेली आठ मिनिटे व जादा वेळ ती सगळी उभी राहून कोलंबियाला पुढे ढकलत होती.